कवडीची किंमत

घरात एखादी कवडी असेल तर ती हातात घेऊन हा धडा वाचावा. पुष्कळ घरांत ती सापडते. कुणाच्या देव्हाऱ्यात असते, कुणाच्या पोरांच्या खेळण्यांत असते. तुळजापूरच्या भवानीचे आराधी आणि गोंधळी गळ्यात कवड्यांची माळ घालतात, ती तुम्ही पाहिलीच असेल. आणि नाहीच मिळाली कवडी, तर दह्याची कवडी तरी ठाऊक आहे ना? चांगले विरजलेले घट्ट दही पळीने काढले की पांढरी गुळगुळीत खाप निघते, तिलाही आपण कवडीच म्हणतो.

कवडी आपल्या बोलण्यातही पुष्कळ आहे. चिकट माणसाला कवडीचुंबक म्हणतात. निकामी वस्तूला कवडीची किंमत नाही म्हणतात. बाजारात कांदा पडला की शेतकरी म्हणतो, माल कवडीमोल गेला. वर्तमानपत्रातही तसेच छापून येते. पण कवडीचे मोल म्हणजे नक्की किती? ते एके काळी खरोखरीच ठरलेले होते. त्याचा हिशेब होता, कोष्टक होते, सावकार होते, सराफ होते. त्या मोलापायी माणसे धनवान झाली आणि त्याच मोलापायी माणसे देशोधडीलाही लागली. ते सगळे या धड्यात सांगायचे आहे. पण आधी कवडी म्हणजे काय ते पाहू.

कवडी हा दगड नव्हे आणि हाडही नव्हे. ती एका समुद्री गोगलगाईचे घर आहे. पावसाळ्यात आपल्या परसात शंखाची गोगलगाय निघते ना, तिचीच ही समुद्रातली बहीण समजा. कवडीच्या जाती शंभरावर आहेत. काही मुठीएवढ्या मोठ्या असतात, काहींच्या पाठीवर वाघासारखे ठिपके असतात. पण ज्या कवडीने जगात पैशाचे काम केले ती लहान, पिवळसर पांढरी आणि पाठीवर उंचवटे असलेली. लांबी साधारण बोटाच्या एका पेराएवढी. लिनीअस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली तिला नाव दिले, त्यातला शेवटचा शब्द मोनेटा. लॅटिन भाषेत मोनेटा म्हणजे टांकसाळ किंवा नाणे. म्हणजे शास्त्रज्ञानेसुद्धा तिचे नाव ठेवताना तिचा धंदाच पाहिला! आपल्याकडे संस्कृतात तिला कपर्दिका म्हणत, वराटकही म्हणत. कपर्दिकेची झाली कवडी. इंग्रजांनी हिंदीतली कौडी उचलली आणि तिची काउरी केली.

आता कवडी उलटी करा. खालून एक लांब चीर दिसेल. चिरेच्या दोन्ही काठांना दातांसारख्या रेघा आहेत. पोरे त्याला कवडीचे तोंड म्हणतात. ते तोंड नव्हे, दार आहे. प्राणी जिवंत असतो तेव्हा या चिरेतून त्याच्या अंगाच्या दोन मऊ पदरी बाहेर निघतात आणि दोन्ही बाजूंनी वर चढून कवडीची पाठ झाकून टाकतात. शाल पांघरावी तशी. या पदरींवर काळसर-करड्या रेघा आणि चट्टे असतात, त्यामुळे दगडात आणि शेवाळात प्राणी चटकन ओळखू येत नाही. याच पदरींतून जो रस पाझरतो त्याने कवडीवर थरावर थर चढतात. म्हणून कवडी इतकी चकचकीत. इतर शंख लाटांनी आणि वाळूने घासून खरबरीत होतात, त्यांच्यावर शेवाळ आणि शिंपले बसतात. कवडीची पाठ पांघरुणाखाली असते, म्हणून ती जन्मभर नवी राहते. कुणी तिला तेल लावत नाही की पॉलिश करत नाही.

आणखी एक नवल. बाळपणी कवडी कवडीसारखी दिसतच नाही. साध्या गोगलगाईसारखे पातळ, पिळाचे, रुंद तोंडाचे तिचे घर असते. वयात आली की बाहेरचा ओठ आत वळतो, तोंड अरुंद होऊन चीर उरते, काठाला दात येतात, पिळाचा शेंडा वरच्या थरांखाली बुजून जातो. एकदा असे झाले की तिची लांबी वाढत नाही, नुसती जाडी वाढते. त्यामुळे लहान कवडी म्हणजे पोर आणि मोठी कवडी म्हणजे म्हातारी, असे समजू नये.

ती राहते कुठे? उष्ण समुद्रात, उथळ पाण्यात, पोवळ्याच्या खडकांत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हिंदी महासागर आणि पुढे पॅसिफिक महासागर ओलांडून पार अमेरिकेच्या बाजूच्या बेटांपर्यंत तिचा पसारा आहे. आपल्या देशात लक्षद्वीप आणि अंदमान बेटांकडे ती आहे. दिवसा बहुधा दगडाखाली दडते, अंधार पडला की निघते आणि खडकावरचे शेवाळ खरवडून खाते. जिभेवर बारीक दातांची पट्टी असते, कानशीसारखी. मादी दगडाखाली अंडी घालते आणि त्यांच्यावर बसून राहते. कोंबडीसारखी ऊब देण्यासाठी नव्हे, राखणीसाठी. अंड्यांतून निघालेली पिले इतकी बारीक की पाण्याबरोबर वाहत जातात आणि दूर कुठेतरी खडकाला लागतात. मासे, खेकडे, अष्टपाद यांच्या तोंडून जी वाचतील ती कवड्या होतात.

एवढा गरीब प्राणी. त्याने कुणाचे काही घेतले नव्हते. पण त्याचे घर माणसाच्या नजरेत भरले.

आपल्या देशाच्या खाली, लक्षद्वीपच्याही दक्षिणेला, मालदीव नावाची बेटे आहेत. तिथल्या उथळ पाण्यात ही लहान कवडी अमाप होई. जगात व्यापारासाठी कवड्या जमवण्याचे सर्वांत मोठे ठिकाण तेच. इब्न बतूता नावाचा मोरोक्को देशचा प्रवासी १३४३ साली तिथे गेला आणि काझी म्हणून काही काळ राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की लोक हे प्राणी समुद्रातून गोळा करतात, किनाऱ्यावर खड्डे खणून त्यांत पुरतात, मांस कुजून गेले की पांढऱ्या कवड्या उरतात. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी पिरार नावाचा एक फ्रेंच माणूस गलबत फुटून तिथे अडकला. १६०२ ते १६०७ अशी पाच वर्षे तो तिथे होता. तो सांगतो, महिन्यातून दोनदा, अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे तीन-तीन दिवस, बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून कवड्या वेचतात. कोकणातल्या वाचकांना याचे कारण सांगायला नको. उधाणाच्या दिवसांत भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. पाणी दूर ओसरते, खडक उघडे पडतात.

त्या कवड्या नारळीच्या झावळ्यांच्या करंड्यांत भरत. एका करंडीत १२,००० कवड्या. गलबते भरून हा माल बंगालकडे जाई आणि येताना तांदूळ येई. मालदीवात भात पिकत नाही. बंगालच्या समुद्रात या कवड्या होत नाहीत. म्हणजे एकाने समुद्रातले शंख द्यायचे आणि दुसऱ्याने शेतातला तांदूळ द्यायचा. सौदा दोघांनाही बरा वाटे.

पण तांदळाने पोट भरते. कवडीने काय भरते? मग बंगालच्या माणसाने तांदूळ का दिला? कारण त्या कवड्या घेऊन तो बाजारात गेला की दुसरा त्या घेई. दुसरा घेई, कारण तिसरा घेई. पैसा म्हणजे एवढेच. आणि पैशाचे काम करायला कवडी फार सोयीची. ती मोडत नाही, कुजत नाही, गंजत नाही. उंदीर खात नाही. एकसारखी असते, म्हणून तोलावी लागत नाही, मोजली की झाले. आणि तिची नक्कल होत नाही. राजाच्या टांकसाळीत हिणकस धातू मिसळून खोटे नाणे पाडता येते, खोटी कवडी कोण बनवणार? शिवाय ती अगदी हलक्या मोलाची. मूठभर भाजी, चिमूटभर मीठ, पणतीपुरते तेल यांना रुपया काय कामाचा? गरिबाची देवघेव चालायची ती कवडीवर.

फाहियान नावाचा चिनी भिक्षू पाचव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात आला. मध्यदेशात लोक खरेदी-विक्री कवड्यांनी करतात, असे त्याने लिहिले आहे. चीनमध्ये तर त्याहून जुनी गोष्ट सापडते. तिथल्या एका राणीची सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीची कबर १९७६ साली उकरली, तिच्यात हजारो कवड्या निघाल्या. चिनी लिपीत किंमत, खरेदी, संपत्ती अशा शब्दांच्या अक्षरांत आजही कवडीचे चिन्ह दडलेले असते.

आता कोष्टक. आमच्या आवडीचा भाग हा, त्यामुळे जरा रेंगाळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. भास्कराचार्य हे थोर गणिती आपल्या सह्याद्रीच्या मुलखातले. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. त्यांनी ११५० च्या सुमारास लीलावती हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक आहे आणि ते सुरू होते कवडीपासून. २० वराटक म्हणजे कवड्या, त्यांची एक काकिणी. ४ काकिणींचा एक पण. १६ पणांचा एक द्रम्म. गुणून पाहा: २० गुणिले ४ म्हणजे ८०, आणि ८० गुणिले १६ म्हणजे १,२८०. एका द्रम्माला १,२८० कवड्या.

बंगाल आणि ओरिसाकडची रीत अशी: ४ कवड्यांचा एक गंडा, २० गंड्यांचा एक पण, १६ पणांचा एक काहण. (आपल्याकडे गंडा म्हणजे दुसरेच काही, आणि गंडा घालणे म्हणजे तर तिसरेच! इथे गंडा म्हणजे चाराचा गट.) यातही पणाला ८० आणि काहणाला १,२८० कवड्या. नावे निराळी, हिशेब तोच. मोजणारा एकेक कवडी मोजत नसे. चार-चार कवड्या बोटांनी ओढायच्या आणि गंडे मोजायचे. तुमच्या आजीने शेणी मोजल्या असतील, आंबे मोजले असतील, ते पाच-पाच किंवा सहा-सहाच्या फाड्यांनी. तशातलीच ही युक्ती.

तरीही मोठी रक्कम म्हणजे डोंगरच. आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेटची गोष्ट ऐका. ईस्ट इंडिया कंपनीने १७७८ साली रॉबर्ट लिंडसे नावाचा साहेब तिथे कलेक्टर म्हणून पाठवला. त्या जिल्ह्यात सोने-चांदी जवळजवळ नव्हतीच. शेतसारा यायचा कवड्यांत. दर होता रुपयाला ४ काहण, म्हणजे ५,१२० कवड्या. दर सेकंदाला एक कवडी मोजली तर एक रुपया मोजायला ८५ मिनिटे लागतात. गंड्यांनी मोजला तरी वीस मिनिटांवर. एका कवडीचे वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे रुपयाचे ओझे सहा किलोच्या वर झाले. दहा रुपये सारा भरणाऱ्या कुळाला बैलच हवा. आणि साऱ्या जिल्ह्याच्या वसुलासाठी साहेबाला मोठमोठी कोठारे लागत. वर्षाअखेर तो माल होड्यांच्या ताफ्यात भरून ढाक्याला जाई. वाटेत काही सांडे, काही चोरीला जाई. चोराला मात्र आम्ही मानतो. अर्ध्या रुपयासाठी तीन किलो ओझे पळवायचे!

इथवर कवडीची गोष्ट गमतीची आहे. इथून पुढे नाही.

इब्न बतूताने आणखी एक गोष्ट टिपली होती. मालदीवात सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी तर बारा लाख. तोच प्रवासी पुढे सहाराचे वाळवंट ओलांडून पश्चिम आफ्रिकेत माली देशी गेला. तिथे त्याने पाहिले, तीच कवडी दिनाराला १,१५० या दराने चालते. चार लाखांना १,१५० ने भागा. साडेतीनशे पटीच्या घरात फरक येतो. असा फरक दिसला की व्यापारी गप्प बसत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून डच आणि इंग्रज कंपन्या या धंद्यात उतरल्या. मालदीवच्या कवड्या बंगाल आणि सिंहलद्वीपाच्या बंदरांतून जहाजांच्या तळाशी घालत. जहाज डुलू नये म्हणून तळाला वजन हवेच असते, दगडांऐवजी कवड्या. त्या जात ॲमस्टरडॅमला आणि लंडनला. तिथे त्यांचे लिलाव होत. लिलावात त्या घेणारे लोक त्या जहाजांत भरून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेत. आणि तिथे त्या देऊन काय विकत घेत? माणसे.

होय, माणसे. पुरुष, बायका, पोरे. अमेरिकेतल्या उसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांवर राबवण्यासाठी. कवड्यांबरोबर कापड, दारू, बंदुकाही देत. हे कापडही पुष्कळदा हिंदुस्थानातलेच असे. अभ्यासकांनी डच आणि इंग्रज कंपन्यांचे कागद तपासून हिशेब काढला आहे. एकट्या अठराव्या शतकात सुमारे एक हजार कोटी कवड्या या वाटेने आफ्रिकेत गेल्या. सगळ्यांचा उपयोग माणसे घेण्यातच झाला असे नव्हे, पण त्या आणल्या होत्या त्या धंद्यासाठी. आजच्या बेनिन देशातले उइदा हे बंदर त्यासाठी कुप्रसिद्ध होते. मालदीवच्या पाण्यात कमरेइतकी उभी राहून कवडी वेचणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हते. तिला तांदूळ हवा होता. ज्याला साखळी घालून जहाजात ढकलले त्याला ती कवडी कुठून आली ते ठाऊक नव्हते. मधल्या लोकांना मात्र दोन्ही टोके ठाऊक होती आणि नफा त्यांचाच झाला.

आता आपल्या देशातली गोष्ट. ही आम्हाला जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात आपल्या लोकांचाही हात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८०३ पर्यंत ओरिसावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या अंमलात तिथला सारा कवड्यांत घेत. भोसल्यांचा अंमल रयतेला फार सुखाचा होता असे आम्ही म्हणत नाही. वसुलाच्या कामी मराठी कारभारी काही हळवे नव्हते. पण शेतकरी जे नाणे बाजारात मिळवत होता तेच सरकार घेत होते. १८०३ साली इंग्रजांनी ओरिसा जिंकला. त्यांनी थोड्याच काळात फर्मावले की यापुढे सारा कवड्यांत नको, चांदीच्या रुपयांत आणा.

वरवर पाहता यात वाईट काय? रुपया सुटसुटीत. होड्या नकोत, कोठारे नकोत. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. त्याच्या गावात रुपया नाही. तो भात विकतो कवड्यांना, मजुरी मिळते कवड्यांत, त्याच्या मडक्यात चार पैसे पुरलेले असतील तेही कवड्याच. आता साऱ्याची तारीख आली की त्याला सराफाकडे जाऊन रुपया विकत घ्यायचा. सगळे गावच त्याच दिवसांत सराफाच्या दारात उभे. सराफाला ठाऊक की तारीख चुकली तर यांची जमीन जाते. मग तो म्हणेल तो भाव. जो रुपया ४ काहणांना मिळे तो ६ काहणांना, पुढे ७ काहणांना मिळू लागला.

पाटी घ्या आणि मांडा. समजा एका कुळाचा सारा दहा रुपये. जुन्या दराने ४० काहण, म्हणजे ५१,२०० कवड्या. नव्या दराने ७० काहण, म्हणजे ८९,६०० कवड्या. साऱ्याच्या पावतीवर आकडा तोच, दहा रुपये. सरकार म्हणणार, आम्ही एक पैसाही वाढवला नाही. आणि ते खोटेही नाही! पण शेतकऱ्याने पूर्वी जेवढे भात विकले त्याच्या पावणेदोनपट आता विकायचे. शेत तेवढेच, पाऊस तेवढाच, घरात खाणारी तोंडे तेवढीच.

दुःख एवढेच नव्हते. मिठाचा धंदा कंपनीने आपल्या हातात घेतला आणि मीठ महागले. थकलेल्या जमिनी लिलावात निघाल्या. लिलाव कलकत्त्याला, म्हणजे ओरिसातल्या माणसाला पत्ता लागेपर्यंत जमीन गेलेली. खुर्द्याच्या राजाच्या पदरी पाईक म्हणून लोक होते. लढाई असेल तेव्हा हत्यार धरायचे, एरवी शेत कसायचे, त्याबद्दल त्यांना इनाम जमिनी होत्या. त्या इनामांवर गदा आली. त्यांचा सेनापती बक्षी जगबंधू याची स्वतःची जमीनही गेली.

१८१७ च्या मार्चमध्ये घुमसरकडचे सुमारे चारशे कंध लोक खुर्द्याच्या मुलखात शिरले आणि जगबंधूच्या हाताखाली पाईक त्यांना मिळाले. बाणपूरचे पोलीस ठाणे पडले, सरकारी कचेऱ्या जळाल्या, खजिना लुटला गेला. कंपनीने फौज आणून बंड मोडले. जगबंधू जंगलात राहून बरीच वर्षे हाती लागला नाही. १८२५ साली तो स्वाधीन झाला आणि १८२९ साली कटकला वारला. पुढे चौकशी झाली तेव्हा लोकांच्या तक्रारींत कवडीची तक्रार ठळकपणे आली. म्हणजे एका गोगलगाईच्या घराचा भाव फिरला हे राज्याविरुद्ध उठण्याचे एक कारण ठरले. इतिहासाच्या पुस्तकात जगबंधूचे नाव असते, लढाया असतात. काहणाचा दर बहुधा नसतो. आमच्या मते तो हवा, कारण मडकी ज्यांची रिकामी झाली त्यांची नावे कुठेच नाहीत.

बंगालातही कवडी उतरतच गेली. १७४० च्या सुमारास रुपयाला २,४०० कवड्या होत्या, १८४५ च्या सुमारास ६,५०० झाल्या. तांब्याचे पैसे आणि पया गावोगाव पोचले, तशी कवडी बाजारातून उठली आणि देव्हाऱ्यात, माळेत आणि सारीपाटाच्या डावात जाऊन बसली.

आफ्रिकेत ती जास्त टिकली. तिथेही तिची मोजणी होती. योरुबा लोक ४० कवड्यांची एक माळ करत, ५० माळांचे एक डोके आणि १० डोक्यांचे एक पोते. पोत्यात २०,००० कवड्या. गुलामांचा धंदा कायद्याने बंद पडल्यावर खोबरेल तेलासारख्या ताडतेलाचा व्यापार वाढला, त्यातही कवड्याच देत. तेव्हा १८४० नंतर काही जर्मन व्यापाऱ्यांनी एक शक्कल काढली. झांजीबारच्या बाजूला कवडीची दुसरी एक जात विपुल होते. दिसायला बरीचशी तशीच, पण पाठीवर नारिंगी कडे असते. ती मालदीवच्या कवडीपेक्षा फार स्वस्त. ती त्यांनी जहाजेच्या जहाजे भरून पश्चिम आफ्रिकेत ओतली. मघाशी आम्ही म्हटले की खोटी कवडी कुणी बनवू शकत नाही. बनवावी कशाला? दुसऱ्या किनाऱ्यावरून आणली की झाले. ज्याच्या घरात आयुष्यभराची पोतीच्या पोती साठवण होती त्याला त्या पोत्यांत दरवर्षी कमी-कमी माल येऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज आणि फ्रेंच सरकारांनी आपली नाणी चालू केली आणि कवडी बाद केली. पोती तशीच राहिली. घाना देशाने १९६५ साली स्वतःचे चलन काढले, त्याचे नाव ठेवले सेडी. तिथल्या भाषेत कवडीला जो शब्द आहे त्यावरूनच ते नाव आले.

हातातली कवडी आता पुन्हा पाहा. पाठीवर नारिंगी कडे असेल तर ती दुसऱ्या जातीची. कडे नसून पिवळसर रंग आणि उंचवटे असतील तर ती मोनेटा. माळेतल्या कवड्यांची पाठ पुष्कळदा घासून भोक पाडलेले असते, त्यामुळे तिथे ओळख पटवणे अवघड जाते.

वहीत करण्यासाठी तीन गणिते देतो. पहिले: गंडा, पण, काहण या रीतीने ३,००० कवड्या मांडा, किती काहण, किती पण, किती गंडे होतात? दुसरे: सिल्हेटच्या दराने तुमच्या घरच्या एका दिवसाच्या भाजीचे रुपये कवड्यांत किती होतील? तिसरे जरा विचाराचे आहे, घरच्या माणसांशी बोलून करा. ओरिसातल्या त्या कुळाने दहा रुपयांसाठी ७० काहण दिले. त्याच्या जवळ ४० काहणच असते आणि बाकीचे त्याने सावकाराकडून वर्षाला शेकडा २५ व्याजाने काढले असते, तर वर्षाअखेर त्याला किती काहण फेडावे लागले असते? पुढच्या बैठकीला वही घेऊन यावे.